सुईनं गेलेली आठी

माहं माहेर सावनेरचं. बाप तिथं जिनिंगमदे कामाले, माय लोकाच्या वावरात कापूस वेचाले जाये, अन् मी अन् माहा भाऊ, दोघंच आमी. काही मोठं घराणं नाही आमचं, तुमी लिहून राह्यल्या म्हणून सांगते ताई, नाहीतर आमच्यासारख्याचं काय लिहाचं. बाप लकव्यानं गेला. एक बाजू पडली, तोंड वाकडं झालं, डोळा अर्धा मिटलेला, माय चमच्यानं पेज पाजे तर ती एका कोपऱ्यातून खाली गळे, मंग माय पदरानं पुसे अन् पुन्हा पाजे. लय दिवस काढले त्यानं असे. हे पह्यले सांगून ठेवते, काहून की पुढचं सारं त्याच्यावरच हाये.

लगन होऊन मी शहरात आली, नंदनवन नावाच्या वस्तीत. घरवाले एका शाळेत क्लार्क, गरीब सभावाचे, आवाज चढवून बोलणं त्याहिले माहीतच नाही. एकच पोरगी आमाले, पिंकी. ते शाळेत गेली तशी मी बर्डीच्या बाजारात साड्याच्या दुकानात लागली, आजपावेतो तिथंच हावो. दिवसभर ट्यूबलाइटीखाली साड्याचे रंग पाहू पाहू माह्या दोन भुवयांच्या मधात अशी आठी पडली, उभी, खोल, की गिऱ्हाईक म्हणे ताई रागावल्या काय. अवो मी कायले रागावू, मी तर हासून राह्यली होती. पण चेहरा माहा ऐकेचना.

तर पिंकीचा साखरपुडा झाला. पोट्टा चांगला, घर चांगलं, अन् येहीणबाई, पोट्ट्याची माय, तोंडानं अशी गुळगुळीत की माह्या बाजूले उभी राह्यली तर मी तिची सासू दिसो. फोटो आले मोबाइलवर तर पिंकी म्हणे आई, साऱ्या फोटोत तू कोनाले तरी झापून राह्यली असं दिसते. हासत हासत म्हटलं तिनं, तिच्या मनात काही नव्हतं, पण मले ते लागलं. रात्री... काय सांगू तुमाले, या वयात आरशापुढे उभी राहून कपाळ दोन बोटानं ताणून पाहाचं म्हणजे. शरम वाटते सांगाले.

दुकानातली एक पोट्टी म्हणे काकू, आता सुई मारून आठ्या जातात, काही दुखत नाही, लगनाच्या पह्यले मारून घ्या. म्या घरी सांगतलं चश्म्याचा नंबर पाहाले चालली, अन् गेली एका स्किनच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई चांगली होती, तिचा काही दोष नाही बरं, सुई मारल्यावर तिनं नीट समजावून सांगतलं होतं, आजचा दिवस कपाळाले हात लावाचा नाही, दाबाचं नाही, चोळाचं नाही, खाली वाकाचं नाही, औषध सरकते. म्या हो हो म्हटलं, अन् ऑटोत बसली.

अन् त्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे आमचं केळवण. अवो मले माहीत होतं केळवण हाये, नवी साडीबी काढून ठेवली होती, पण केळवणाले कपाळ लागते हे माह्या टकुऱ्यातच नाही आलं. पाटावर बसवलं, अन् एकामागून एक बाया कुंकू लावाले आल्या, अन् आमच्या वस्तीतल्या बाया कुंकू लावत नाहीत, दाबतात, बरोब्बर तिथंच, दोन भुवयांच्या मधात, काकू तर अंगठा असा घुमवे की मोहर मारून राह्यली काय. कुंकू नको कसं म्हणू? नवरा जिता हाये माहा, पोरीचं लगन तोंडावर, कुंकू नको म्हटलं तर काय म्हणतील? अन् खरं सांगाले तोंड नव्हतं. मंग मोठ्या बायांच्या पाया पडा, एकेकीच्या पायावर डोकं टेकवा. मी वाकून राह्यली अन् मनात म्हणून राह्यली, जाऊ दे, काय होते.

झालं ना. काही दिवसानं सकाळी उठली तर डावी पापणी खाली. उघडते म्हटलं तर उघडेना. पुन्हा लपतछपत दवाखान्यात गेली, डॉक्टरीणबाई म्हणे औषध खाली उतरलं, थेंब टाका, काही हप्त्यात आपोआप उघडेल, घाबरू नका. घरी म्या सांगतलं नस दबली. घरवाल्याहिनं मले पोळ्या लाटू देल्या नाही की झाडू मारू देला नाही, मी पलंगावर अन् ते बिचारे कणीक मळून राह्यले. तिकडून येहीणबाईचा फोन, आडून आडून इचारे, तुमच्या घरात असं आधी कोनाले झालं होतं काय. पिंकीचं तोंड उतरून गेलं. तरी म्या नस दबली हेच धरून ठेवलं.

भावानं मायले सांगतलं. माय एस.टी.नं आली, चौकटीतूनच माह्या डोळ्याकडे पाह्यलं अन् पिशवी तिथंच टाकली.  मंग पाण्याचा गिलास आणला, म्हणे घोट घे वं बाई, मले पाहू दे. मी पाणी पिऊन राह्यली अन् माय माह्या ओठाच्या कोपऱ्याकडे टक लावून, गळते काय, गळते काय. नाही गळलं. तर रडली. ताई, तेव्हाच सांगाले पायजे होतं. तोंडाशी आलं होतं, पण घरवाले समोर उभे होते, पिंकी होती, अन् मी पाणी पीत राह्यली.

वापस जाऊन तिनं मातामायले, आमच्या गावच्या देवीले, नवस केला, पोरीचा डोळा उघडेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, अन् रोज सकाळी पायी पायी गावाबाहेर तिच्या ठाण्यावर जाईन. उन्हाळा आमच्याकडचा तुमाले माहीत हाये, सकाळीच डांबर तापते. मी लगनाची पत्रिका द्याले सावनेरले गेली तर माय बाल्टीत पाय घालून बसली होती. तळवे फुटलेले, फोड आलेले, अन् मले पाहून पाय लुगड्याखाली लपवून राह्यली. मले राहवलं नाही. सारं सांगून टाकलं, सुई, चश्मा, कुंकू, सारं.

वाटलं माय शिव्या देईल, एखादी थापड मारेल, बरं झालं असतं. तिनं लपवलेले पाय पुन्हा बाल्टीत घातले. मंग म्हणे, म्या मातामायले म्हटलं डोळा उघडू दे, कशानं मिटला ते काही तिले सांगतलं नव्हतं, आता बोललेलं वापस कसं घेऊ. अन् म्हणे, तू कोनाले सांगू नको, पिंकीचं लगन होऊ दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा अनवाणी निघाली. ठाऊक असूनबी निघाली. मी मागं मागं गेली चप्पल घेऊन, माय घाल वं, तुह्या पाया पडते, घाल, पण ते पुढंच पाहत चालली.

डोळा उघडला, लगनाच्या आधीच उघडला. लगन चांगलं झालं, पिंकी सुखात हाये. मायनं मातामायले साडीचोळी वाहिली, अन् साऱ्या गल्लीत बोभाटा झाला की मातामाय पावली.

आमच्या मायच्या बाजूले मंदा राहते. तिच्या नवऱ्याले खराखुरा लकवा झाला, पावसाळ्याच्या सुरवातीले. दवाखाना चालू हाये, हातापायाचे व्यायामबी करवते, पण माह्या डोळ्याचं ऐकून तिनंबी चप्पल सोडली. माय मले फोनवर सांगे, अन् मंग आमी दोघीबी दुसरंच काही बोलाले लागो. मायले आता हे बोललं नाही जात, अन् मले तर नाहीच नाही.

मागच्या आठवड्यात गेली होती मी. मनाशी ठरवूनच गेली होती की मंदाले सांगाचं, काहीबी होवो. तर मंदाच आली, चिखलानं भरलेले पाय, फरशी खराब होते म्हणून दाराबाहेरच उभी. माही हनुवटी धरून डोळा पाह्यला, असा उजेडाकडे फिरवून पाह्यला. मंग हळूच इचारते, बाई, तुही माय ठाण्यावर जाता जाता मनात काय म्हणे वं? तुहा डोळा लवकर उघडला, आमच्या घरवाल्याहिचं बोटबी हालत नाही, माह्याकडून काही चुकून राह्यलं असन, मले सांग ना.

म्या म्हटलं, तुहं काही नाही चुकलं वं मंदा. एवढंच निघालं तोंडातून. 

तिनं माह्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणे तुह्या तोंडून ऐकलं, बरं वाटलं, सुखी राह्य बाई, मातामाय तुमच्या घरच्या साऱ्याहिले अशीच पाहो. अन् गेली तशीच, चिखलातून.