खडी फोडणारा हात

माझं माहेर खर्ड्याकडचं, दिलं मला पारनेर तालुक्यात, पण माहेरचा ताठा मी संगंच घेऊन आले, तो सासूला काय उतरवता आला न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्यांसारखी मीबी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. बाया रेशनवर मिळनाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या जाड भाकरी आणायच्या, आन मी रेशनचा गहू दळून, पीठ धुवट फडक्यातनं गाळून, पांढऱ्याशुभ्र चपात्या न्यायची. दुष्काळ पडला म्हणून मानसानं कोंडा खायचा का? कोंडा शेळीला. बाया म्हनायच्या, आली बघा जहागीरदारीण. मी म्हनायची, व्हय, आलेच.

काय सांगू तुमाला, तिथल्या पान्यानं पोट बिघडलं, महिनाभर हगवन. त्यातबी माझं खानं तेच, पांढरी चपाती आन चहा. मग पापनी फडफडाय लागली, पोटऱ्यात गोळे यायचे, झोप न्हाई, आन एक दिवस खडी फोडता फोडता अंगठा तळव्यात वळला, बोटं ताठ चिकटली, हात नागाच्या फन्यागत झाला, हातोडी खाली. जाऊबाई चोळतीय, पन हात उघडंना. सासू म्हनाली बाहेरचं हाय, लिंबू उतरा. मुकादम म्हनाला, असल्या हाताची बाई मला नको, उद्यापासून येऊ नको. गोळ्यांपेक्षा तेच जास्त दुखलं.

मालकांनी नगरच्या दवाखान्यात नेलं. डाक्टरांनी रक्त तपासलं, म्हनाले, बाई, अंगातलं मॅग्नेशियम उतरलंय, ते खनिज असतंय, त्याच्याबिगर नसा आन स्नायू ताब्यात ऱ्हात न्हाईत, हगवनीत ते वाहून गेलं आन खान्यातनं परत आलं न्हाई. खाता काय? मी मान वर करून सांगितलं, वस्त्रगाळ पीठ. आन कोंडा? म्हनलं, शेळीला. डाक्टरांनी कागदावर कायतरी लिवलं.

"शेळीची तब्येत चांगली असंल," म्हनाले.

सुया झाल्या, सलाईन झालं. घरी आल्यावर कोंड्यासकट चपाती, मूठभर शेंगदाने, विहिरीच्या कडंला उगवलेली घोळीची भाजी. बायांनी सोडलं न्हाई, जहागीरदारीण कोंडा खाती म्हनं. खाती की. महिन्यानं मुकादमापुढं जाऊन हुबी राहिले. त्यानं मुद्दाम काळा कठीन दगड पुढं टाकला. चार घावात फोडला, आन त्या दिवशी माझा ढीग सगळ्यांच्या आधी पुरा झाला. त्यानं गपचूप हजेरी लावली.

आता कुनाच्या पोटऱ्यात गोळे आले की मला विचारायला येत्यात. मी सांगते, आधी डाक्टरकडं जा, लिंबू मागनं उतरा. तुमी सुखी ऱ्हावा, एवढं बसून ऐकलंत. द्या हात इकडं. हां. आता माझ्या मुठीतनं सोडवून दाखवा.