पडीक म्हणून लिहिलेला डोंगर

रंभाबाई : आन् माजा किती आला म्हणालीस?

वैष्णवी : अर्धा टनसुद्धा नाही, मावशी. चूल, दिवे, एसटी, मोबाइल, सगळं धरून. वर्षभरात तुमच्यामुळे हवेत जेवढा कार्बन जातो, त्याचं हे वजन.

रंभाबाई : आन् तुजा?

वैष्णवी : माझा कशाला?

रंभाबाई : दुसऱ्यांचा मोजत फिरतीस, मंग सोताचा मोजला असशीलच की.

वैष्णवी : मोजलाय. चार टनांच्या वर आहे. भूगावला फ्लॅट, टँकरचं पाणी, गाडी, एसी...

रंभाबाई : मंग चार टनवाली अर्ध्या टनवालीच्या दारात कशी काय? मी यायला पायजे हुतं तुज्या फ्लॅटवर, कागद घेऊन.

शंभू : आये, मॅडम उन्हातनं आल्यात. जरा दम खाऊ दे त्यांना. आल्यापासनं तुजी उलटतपासणी चाललीया.

रंभाबाई : पाणी दिलं, ताक दिलं, आता इचारतीया. सही मपली पायजे ना? मंग इचारणार. पोटचा पोरगा कागद भरून मोकळा झाला, आयला इचारलं का?

शंभू : काल सांगितलं की सगळं. महाळुंग्याला ती टॉवरवाली कंपनी हाय, ती आपल्या डोंगरावर झाडं लावणार. कुंपण त्यांचं, राखण त्यांची, तीस वर्सं. मोजणीला ह्या मॅडम धाडल्यात. जमीन आपल्याच नावावर ऱ्हाती. ह्यात वाईट काय हाय?

रंभाबाई : वाईट काय ते नंतर बघू. त्यांना काय मिळतंय ते सांग. इतक्या लांबनं सावलीला बसाया यायचेत का?

वैष्णवी : मी सांगते. बिल्डिंग बांधताना सिमेंट, लोखंड, डिझेल लागतं, त्याचा बराच कार्बन हवेत जातो. तेवढा तुमच्या डोंगरावरच्या नव्या झाडांनी शोषला, असं धरायचं. मग त्यांना जाहिरातीत 'कार्बन शून्य' लिहिता येतं.

रंभाबाई : म्हंजे धूर महाळुंग्याला केला आन् गिळायचा मुळशीतल्या डोंगरानं.

वैष्णवी : थोडक्यात, हो.

रंभाबाई : तू खरं बोलतीस, बरं वाटलं. आता अटी वाच. ह्यानं काल वाचल्या, पण मधल्या दोन-तीन गाळल्या. मला कळतंय वाचताना माणूस कुटं अडकतो ते.

वैष्णवी : "तीस वर्षे सदर जमिनीवर वृक्षतोड, फांद्या तोडणे, गवत कापणे व चराई करता येणार नाही."

रंभाबाई : ही चराई गाळली हुती. मंग बिरूनं कुटं जायाचं?

वैष्णवी : बिरू कोण?

शंभू : धनगर हाय. होळी झाली की मेंढरं, शेरडं घेऊन येतो आन् मिरगाच्या आत खाली देशावर जातो. आपल्या डोंगरावर चारतो. त्याचं काय एवढं? दुसरा डोंगर बघंल.

रंभाबाई : कुटला? शेजारच्या एकनाथचा? तितं बंगले झाले. पल्याडचा? तितं फार्महाऊसवाल्यानं कुत्री सोडल्यात.

वैष्णवी : मावशी, खरं सांगू का, आमच्या हिशेबात मेंढ्या चांगल्या नाहीत. रवंथ करताना ढेकर देतात, त्यातून मिथेन नावाचा वायू बाहेर पडतो. तो तर हवा जास्तच तापवतो.

रंभाबाई : बिरूच्या मेंढरांचं ढेकर मोजलं तुमी?

वैष्णवी : एकेक नाही मोजत. सरासरी असते.

रंभाबाई : बरं, फुडं वाच. अजून काय काय लिवलंय ह्यानं?

वैष्णवी : "राब भाजतात का? होय." म्हणजे भाताच्या वाफ्यावर पालापाचोळा, शेण, झाडाच्या फांद्या पसरून जाळतात, ते. त्याचा कार्बन तुमच्या नावावर बराच धरलाय. तो काढला तर तुमचा आकडा आणखी खाली येईल.

रंभाबाई : शंभ्या, राब कोण भाजतंय?

शंभू : आपुनच की. सगळा मुळशी भाजतोय.

रंभाबाई : चार वर्सं झाली, आपल्या वाफ्यावर काडी वढली न्हाई. तुला ठाव न्हाई. तू सकाळच्याला घोटावड्याला फॅक्टरीत जातोस ते दिवं लागल्यावर येतोस. ऐतवारी झोपतोस.

शंभू : म्हंजे? मंग रोप कसं येतंय?

रंभाबाई : इचारलं एकदाचं. लिव्ह गं पोरी, हे तुज्या कामाचं हाय. आदी तीन वर्सं वळीनं अवकाळीनं राब भिजवला. टाळा, म्हंजे पाल्यासकट फांद्या, तोडायचा, डोक्यावर वाहायचा, वाफ्यावर रचायचा, आन् पेटवायच्या आदल्या दिशी पाऊस. वलं पेटंना, नुसतं धुमसायचं. तिसऱ्या वर्सी रोप आलं ते केसासारकं. त्यात जूनमदी पाऊस आलाच न्हाई, आन् आला तो चार दिसांचा एका दिसात. सगळं कुजलं. एकनाथच्या बायकुकडं रोप मागाया गेले मी. ह्या घरानं कवा कुणाकडं रोप मागितलं नव्हतं. लई लाज वाटली. तवाच ठरवलं, आता आभाळाच्या भरवशावर ऱ्हायाचं न्हाई.

वैष्णवी : मग काय केलंत?

रंभाबाई : बिरूला म्हणलं, तुजी मेंढरं आठ रात्री मपल्या वाफ्यावर बसव. दिसभर डोंगरावर चरत्यात, रातच्याला वाफ्यावर बसत्यात. लेंडी, मूत, सगळं तितंच. जाळायचं काम न्हाई. आन् रोप एकदम टाकत न्हाई. अर्धं आदी, अर्धं पंधरा दिसांनी. एक गेलं तर एक हातात ऱ्हातं. गेल्या साली मीच एकनाथच्या बायकुला आंबेमोहोराचं रोप दिलं, घरी नेऊन. हे कुटल्या रकान्यात बसतंय?

वैष्णवी : असा रकाना नाही, मावशी.

रंभाबाई : मंग पाठीमागं लिव्ह. पाठ कोरी हाय.

वैष्णवी : लिहिते. म्हणजे डोंगराला कुंपण पडलं, की बिरू गेला. बिरू गेला, की...

रंभाबाई : परत राब, न्हाईतर युरियाची गोणी. ते तुमच्या हिशेबात बसतंय का बघ.

वैष्णवी : युरियाचा आकडा मेंढरांपेक्षा मोठा येईल कदाचित. मला परत मांडायला लागेल.

शंभू : मॅडम, तुमी तिच्या नादाला लागू नका. तिचं बोलणं ऐकत बसला तर अंधार पडंल. साहेबांनी पाचपर्यंत रिपोर्ट मागितलाय ना?

वैष्णवी : दयानंद सरांनी, हो. एकच ओळ राहिलीय. "जमिनीचा प्रकार : पडीक. सध्या असलेली झाडे : नाहीत."

रंभाबाई : काय म्हणालीस?

वैष्णवी : पडीक. झाडं नाहीत.

रंभाबाई : कुणी लिवलं हे?

शंभू : मी. तसंच लिवावं लागतं, आये.

रंभाबाई : डोंगरावर झाडं न्हाईत? शंभ्या, डोळं फुटलं का तुजं?

वैष्णवी : मावशी, आमच्याकडे उपग्रहाचा फोटोसुद्धा आहे. हा बघा, तुमचा डोंगर. सगळा तपकिरी दिसतोय. त्यामुळे आम्हालाही ते खरं वाटलं.

रंभाबाई : कवाचा हाय हा?

वैष्णवी : पाच वर्षांपूर्वीचा. एप्रिलमधला.

रंभाबाई : अगं, आमच्या डोंगरावर जास्त करून ऐनाची झाडं. एप्रिलात ऐन उघडाच असतो. पान गाळतो आन् महिनाभर नागडा उभा ऱ्हातो. आन् पाच वर्सांमागं आमी राबाला त्याचा टाळा तोडत हुतो, म्हंजे फांदीबी न्हाई. नुसतं खांब. वरनं तुमच्या उपग्रहाला काय दिसणार, कपाळ? आता दारातनं मान वर करून बघ. चार वर्सं कोयता लावला न्हाई. पालवी बघ कशी आलीया.

वैष्णवी : दिसतंय. मगाशी गाडी लावतानाच मला वाटलं होतं, हा डोंगर फोटोतला नाही.

रंभाबाई : मंग बोलली का न्हाईस?

वैष्णवी : सर म्हणाले होते, वरचा गवताचा पट्टा मोज आणि ये.

शंभू : तेच म्हणतोय मी. वर माथ्याला गवत हाय तेवढंच मोजा. खाली कशाला जाताय?

रंभाबाई : का पण? झाडं लावायला आलेत ना? मंग असलेली झाडं बघून आनंद व्हायला पायजे.

वैष्णवी : नियम तसा नाही, मावशी. आधीपासून असलेली झाडं धरत नाहीत. ती तशीही असणारच होती, असं मानतात. नवीन लावलेलीच मोजायची. जमीन आज जितकी मोकळी दाखवाल, तितका पुढे फायदा जास्त दिसतो. आणि आज झाडं मोजली, तर हा डोंगर या योजनेतच बसत नाही.

रंभाबाई : तशीही असणारच हुती. असं कसं गं? मपल्या सासऱ्यानं राखली म्हणून हायेत. मालकांनी, ह्या शंभ्याच्या अण्णांनी, कोळसेवाल्याला हाकलला म्हणून हायेत. मी चार वर्सं कोयता खुंटीला टांगला म्हणून त्यांना फांद्या हायेत. आज सगळा डोंगर साफ केला आन् उद्या रोपं लावली, तर मोजशील?

वैष्णवी : कागदावर... काही वर्षं थांबावं लागेल. पण हो, नंतर मोजता येईल.

रंभाबाई : राखणाऱ्याला शून्य आन् तोडणाऱ्याला मान. हा कुटला न्याय म्हणायचा?

शंभू : न्यायाचं काय घिऊन बसलीस आये. मी काय चैनीसाठी केलं का हे? प्लॉटवाले रोज फोन करत्यात. भावकीतले दोघं तयार हायेत. आज कंपनीचं कुंपण पडलं तर तीस वर्सं कुणी जेसीबी लावणार न्हाई. तुज्या माघारी मी एकटा किती जणांना न्हाई म्हणू? मला भ्या वाटतं, कळतंय का तुला?

रंभाबाई : हे आदी बोलायचं हुतं, बाळा. भ्या वाटतं ते बोलायचं हुतं. डोंगर पडीक हाय म्हणून खोटं लिवायचं नव्हतं.

शंभू : खोटं लिवलं, पण डोंगर वाचत हुता ना?

रंभाबाई : पडीक लिवलेलं वाचत न्हाई. पडीक म्हणलं की कुणीबी येतं. एकनाथनं पडीक म्हणूनच इकला. जेसीबीनं रस्ता काढला, आन् दुसऱ्याच पावसात डोंगर खाली आला. तीन खाचरं तांबड्या मातीखाली गेली त्याची. त्याच रात्री आपल्या खाचरात पाणी आलं, पण माती आली न्हाई. तू सोता सकाळी बघितलंस. का ऱ्हायली ती वर?

शंभू : ठाव हाय मला.

रंभाबाई : बोल की मंग. मॅडमला ऐकू दे.

शंभू : झाडांनी धरली.

रंभाबाई : न्हाईत ना झाडं? मंग कुणी धरली?

शंभू : आये, बास आता.

रंभाबाई : बास न्हाई. पोरी, तुज्या पिशवीत तो टेप हाय ना? ऊठ. सगळी झाडं मोज. पायथ्यापासनं. एक सोडायचं न्हाई.

वैष्णवी : मावशी, मोजली तर सही घेऊन उपयोग नाही. तुमचा डोंगर योजनेतून बाद होईल.

रंभाबाई : व्हऊ दे बाद. त्यांचा धूर त्यांनी त्यांच्या घरात ठिवावा. पर मपल्या डोंगरावर काय हाय, ते एकदा सरकारी न्हाई तर तुज्या कागदावर तरी खरं लिवलं जाऊ दे. तो कागद मला पायजे. उद्या ग्रामसभेत ठिवते. प्लॉटवाला आला तर त्याच्या म्होरं ठिवते. ह्याला भ्या वाटतं ना, मंग ह्याच्या हातात बी कायतरी पायजे.

वैष्णवी : सर विचारतील, पाचला यायचं होतं, कुठे होतीस.

रंभाबाई : काय सांगशील?

वैष्णवी : सांगेन, जे मोजायला पाठवलं होतं ते मोजत होते. चला. सही केलेली प्रत तुम्हाला देते, शिक्क्यासकट. त्यांना नको असेल तर त्यांनी दुसरा डोंगर बघावा.

रंभाबाई : आता कशी बोललीस. शंभ्या, टेपाचं दुसरं टोक कोण धरणार? मपला हात पुरत न्हाई त्या खोडांना.

शंभू : मी न्हाई येत.

रंभाबाई : नगं येऊस. आमी दोघी धरतो.

(दुपार कलली आहे. डोंगराच्या निम्म्यावर, झाडांच्या सावलीत. शंभू चार झाडं मागे राहून चालतो आहे.)

वैष्णवी : ऐन. घेर एकशे बारा सेंटिमीटर. मावशी, जरा वर धरा, छातीच्या उंचीला मोजायचं असतं.

रंभाबाई : कुणाच्या छातीच्या? तू ताडासारकी, मी ही अशी.

वैष्णवी : काठीवर खूण आहे, त्या उंचीला. हं, बरोबर. हे झालं एकशे एकोणतिसावं.

रंभाबाई : खडूची खूण कर. न्हाईतर परत मोजशील.

वैष्णवी : केली. हिरडा, ऐंशी. एकशे तीस. मावशी, घसरू नका. तुम्ही बसा थोडं. अजून किती राहिली असतील?

रंभाबाई : मला काय इचारतीस? त्याला इचार. झाडं न्हाईत म्हणून त्यानं लिवलंय.

वैष्णवी : शंभूदादा?

शंभू : ...वरच्या अंगाला साठ-सत्तर असतील. आन् हितं डाव्या हाताला वघळ हाय, कारवीनं झाकलाय. त्यात आठ जांभळी हायेत, अण्णांनी राखलेल्या. वाटंवरनं तुमाला दिसायच्या न्हाईत. आणा तो टेप हिकडं. या मागनं, मी दावतो.