बसमागची डोंगरगाडी

...आणि वर लोक मलाच विचारतात, "अहो, नवरा-बायको ना तुम्ही? मग वहिनी बसमध्ये आणि तुम्ही बसच्या मागे गाडीत, हे काय?" आता काय सांगायचं? कपाळ! तुम्हाला सांगतो, तुम्ही निदान ऐकून तरी घेता. लेक नोकरीला लागली तिकडे, आठ तासांवर, सरळसोट हायवे. दोन महिन्यांतून एकदा आम्ही जातो तिच्याकडे. एकाच घरातून निघतो, एकाच दाराला कुलूप लावतो, एकाच लेकीकडे पोचतो, आणि ही बसमध्ये आणि मी बसच्या मागे माझ्या गाडीत, एकटा! एक वेळ नाही, दोन वेळा नाही, चार वर्षं!

का, तर म्हणे गाडी हाडं खिळखिळी करते. बरं, गाडी साधीसुधी नाही हां, फोर-बाय-फोर! मी विजेच्या टॉवर लाइनवर सुपरवायझर, आयुष्य रानात गेलं, आणि शेवटची बारा वर्षं हीच गाडी हाताखाली. मी निवृत्त झालो त्याच महिन्यात खात्याने तिला लिलावात काढली, मला बघवेना, मी घेऊन आलो घरी. ही दारात उभी, कमरेवर हात. म्हणाली, लोक निवृत्त झाले की घड्याळ घेऊन येतात, तुम्ही ऑफिसच उचलून आणलंत. आता हिला काय कळणार? डोंगर चढते हो ती, डोंगर!

बसली होती ना, पहिल्या खेपेला बसली होती. दीड तास. चहाला थांबलो तर खाली उतरली, कंबर धरली, केसातल्या दोन पिना गळून पडलेल्या, सरळ समोर उभ्या असलेल्या बसकडे चालत गेली आणि कंडक्टरला विचारलं, जागा आहे का? मी बघतच राहिलो. तेव्हापासून हीच प्रथा. बस वीस मिनिटं थांबायची, आम्ही चहाच्या टपरीवर भेटायचो, इकडचं तिकडचं बोलायचो, कंडक्टरने शिट्टी मारली की ही बसकडे आणि मी गाडीकडे. एकदा तर त्या कंडक्टरने हिला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, तो माणूस दर खेपेला आपल्या बसच्या मागे असतो आणि इथे तुमच्याशीच येऊन बोलतो. पोलिसांना सांगू का?" तर ही काय म्हणाली असेल? म्हणाली, "राहू द्या, ओळखीचे आहेत." ओळखीचे! बत्तीस वर्षांचा संसार!

हसा, हसा. पण आठ तास गाडीत एकटं बसून बघा. मी बोलका माणूस आहे हो. शेत दिसतं, टॉवर दिसतो, एखादा ट्रकवाला मागे काहीतरी भन्नाट लिहितो, आणि सांगायचं कुणाला? स्टिअरिंगला? खरं सांगू का, मला करमत नाही तिच्याशिवाय. तिच्या तोंडावर नाही बोललो कधी, तुम्हाला सांगतोय. तेव्हा ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, हिला शेजारी बसवायचीच.

गेलो मेकॅनिककडे. हा माणूस बोलतो कमी, कान लावून ऐकतो जास्त, गाडीचं हां, माझं नाही. त्याने आधी काय केलं असेल? चाकातली हवा मोजली, आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मीच चाकात जाऊन बसलोय. म्हणाला, साहेब, एवढी हवा कशाला? म्हटलं, कशाला म्हणजे, मागे टॉवरचं लोखंड असायचं ना, पाच-पाच माणसं, केबलची भेंडोळी! टम्म हवा भरायची हा नियमच आमचा. तो म्हणाला, आणि आता मागे काय असतं? मी म्हटलं... आता मागे एक छत्री असते. लोखंड उतरवून चार वर्षं झाली होती हो, हवा अजून लोखंडाचीच! निम्मी हाडं त्या हवेनेच खिळखिळी केलेली. हे घरी सांगितलं नाही मी, तुम्हीही सांगू नका.

मग म्हणाला, टायर बदला, हे चिखलातले टायर आहेत, एवढाल्या दातांचे, डांबरावर घोंघावणारच. मी म्हटलं, अरे पण डोंगर चढते ती! "शेवटचा डोंगर कधी चढलात?" आता असं एकदम विचारल्यावर काय आठवणार? शेजाऱ्यांच्या बांधकामाची वाळू पडली होती गेल्या वर्षी, तिच्यावर चढवली होती एकदा, गाडी वळवताना. तो जॅक आणायला गेला. टायर बदलले.

आणि मग काय झालं माहितीये? टायरचा आवाज गेला, तर खालून स्प्रिंगच्या पाट्यांचा करकर आवाज वर आला. पाटे मोकळे केले, एक पाटा काढला, शॉकअप नवे घातले, तर दारं बोलायला लागली. दारांना रबर बसवलं, तर वरच्या कॅरिअरमधून वारा शिट्टी मारतोय. कॅरिअर उतरवलं, तर फरशीचा पत्रा गुणगुणतोय! एक गप्प केला की दुसरा, आमच्या खात्यातल्या मीटिंगसारखं! फरशीवर डांबरी चादर चिकटवली, वर लोकरीचा जाड नमदा, शेवटी भंगारात निघालेल्या एका चांगल्या मोटारीची सीट आणून डाव्या बाजूला बसवली, कमरेला आधार देणारी, मागे झुकणारी. महिना गेला त्यात. मेकॅनिक म्हणाला, आता डोंगर जरा जपून चढवा. मी म्हटलं, बरं.

गाडी दारात लावली. ही बाहेर आली, पदराला हात पुसत, आत बसली, दार ओढलं. पूर्वी धाडकन वाजायचं, गल्ली दचकायची. आता नुसतं थप्प. हिने पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. तीनदा. मग म्हणाली, "हं." हिच्या 'हं'चे मला सगळे प्रकार पाठ आहेत, हा मी फक्त आमच्या लग्नात ऐकला होता.

निघालो सकाळी. मी दोन महिन्यांचं बोलायचं साठवून ठेवलं होतं. नातेवाइकांच्या बातम्या, मेकॅनिकच्या गमती, लेकीच्या घरमालकाबद्दल माझं मत, हे सगळं पुरवून पुरवून आठ तास न्यायचं होतं. पहिला टोलनाका यायचा होता, मी म्हटलं, अगं, तुला सांगतो... आणि बघतो तर काय, झोपली! मान कलती, तोंड जरासं उघडं, गाढ! आता हॉर्न वाजवायची सोय नाही, ब्रेक मारायची सोय नाही, गाणं म्हणायची सोय नाही. चहाची वेळ झाली, थांबलो, हळूच हाक मारली. डोळे न उघडता म्हणाली, तुम्ही घ्या.

मी घेतला, एकट्याने. डोंगर चढणारी गाडी, आणि मी पाळणा चालवतोय!

लेकीकडे पोचलो. ती म्हणाली, आई, आज चेहरा किती ताजा, एरवी बसने येतेस तर डोळे लाल असतात. तर ही काय म्हणाली, ऐका. "बसमध्ये झोपणार कशी? शेवटच्या सीटवर बसायचं आणि मान वळवून मागच्या काचेतून बघत राहायचं, हे येतायत ना, मागे राहिले नाहीत ना, स्टिअरिंगवर डोळा तर लागला नाही ना. आज काय, हे शेजारीच होते."

शेवटची सीट हो. बसमधली सगळ्यात आदळणारी सीट, आणि हिची ती कंबर! चार वर्षं! मला वाटायचं, पुढची जागा मिळत नसेल हिला. मी उठलो आणि तहान नसताना दोन ग्लास पाणी प्यायलो.

पण म्हणून काय दर खेपेला आठ तास मौन? परतीलाही झोपली, पुढच्या खेपेलाही झोपली. शेवटी परवा गुपचूप मेकॅनिककडे गेलो. म्हटलं, जरा आवाज येऊ दे रे परत, फार नको, डाव्या दाराचं रबर थोडं सैल कर, तासाभराने एकदा जाग येईल इतपत. तो हात पुसत म्हणाला, "जमायचं नाही साहेब. वहिनी कालच येऊन गेल्या. सीट अजून मागे झुकवून द्या म्हणाल्या, पाय लांब करता येत नाहीत."

म्हटलं, झुकव बाबा... आणि उशीला जागा ठेव.