अंगातला टीसी

दौंड स्टेशनवर पुण्याच्या शटलची वाट बघत होतो. साल २००३. बाकावर शेजारी एक रिटायर रेल्वेवाले आणि त्यांची लेक करुणा. एका नव्या लशीवरच्या संशोधनाच्या जागेसाठी तिची आज पुण्यात मुलाखत होती.

“सायबाला सांगणार ते आधी मला सांग.”

“ही लस टोचली की टी सेल तयार होतो, आबा.”

“टीसी? अंगात बी टीसी हाय?”

“टी सेल हो, रक्तातली राखणदार पेशी! पण टीसीच समजा.”

“समजायचं काय त्यात? अठ्ठावीस वर्षं काळा कोट घातलाय म्या.”

“मग ऐका. ह्या लशीत जंतू नसतोच. त्याचा एक तुकडा कसा बनवायचा, त्याची चिठ्ठी असते, डीएनएची. आपलीच पेशी ती वाचून तुकडा बनवते आणि स्वतःच्या दारावर लावते.”

“डब्यावर चार्ट लावत्यात तसा.”

“अगदी तसाच! टी सेल तो वाचून ध्यानात ठेवतो. पुढं खरा जंतू एखाद्या पेशीत लपला, की दारावरचा चार्ट बघूनच ओळखतो.”

“आन् खाली उतरवतो?”

“डब्यासकट संपवतो.”

“आयला! आमच्याहून कडक हाय की.”

“अजून उंदरांवरच चाललंय, आबा. टीबीसाठी.”

“…तुझ्या आईच्या टायमाला कुठं व्हता गं ह्यो टीसी?”

“होता, आबा. त्याला जंतू ओळखायला उशीर झाला.”

“मग तू नगं करू उशीर. ऊठ, गाडी लागली.”