चिंतामणच्या भिंतीवरचं उलटं स्वस्तिक

नाही नाही, स्वस्तिक उलटंच काढायचं — मागणं असेल तर उलटं, पुरं झालं की येऊन सरळ. ही चिंतामणच्या देवळाची रीत आहे. मुलासाठी आलात ना? इंजिनिअरिंगची परीक्षा? मग ऐका. मी भय्यासाहेब, माधव नगरातला, तासाभरापासून ह्या ओट्यावर बसलोय तो उगाच नाही. देवाला नुसतं ‘चांगला स्कोर दे’ म्हणू नका. चांगला म्हणजे किती, कोणाला ठाऊक आहे? माझ्या नातीच्या, निहारिकाच्या वेळी मी सगळ्यांना विचारून पाहिलं. कोचिंगचे सर म्हणाले, नव्याण्णवच्या खाली सगळं ‘ठीक’. शेजारचा शैलेंद्र म्हणाला, नव्वद म्हणजे खूप झाले — त्याने तर पोराच्या बासष्टचेही पेढे वाटले होते, मी स्वतः दोन खाल्ले. आणि मी दोन महिने पर्सेंटाइल म्हणजे मार्कच समजत होतो. तसं नसतं — शंभर पोरांत आपल्या मागे किती, ते असतं ते. मग काय केलं? सरळ आकडाच सांगितला देवाला. किती? ... चौऱ्याण्णव.

हसू नका. चौऱ्याण्णवला इंदूर मिळतं. सकाळी इथल्या देवास गेट स्टँडहून बस, संध्याकाळी पोर घरी, चहाला माझ्यासोबत. कमी आले असते तर नाक गेलं असतं, जास्त आले असते तर पोरगी — हे घरात कोणाला बोललो नाही, तुम्हाला का बोललो, भगवान जाने. तिची आजी गेल्यावर माझ्याशी भांडायला तीच एक उरली आहे हो. तर आले किती? अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. नंबर लागला कर्नाटकात, गुरुवारी निघायचं. आता तुम्हीच सांगा, मागणं पुरं झालं का? मी म्हणतो, बिलकुल नाही. मागितलं एक, दिलं भलतंच — मग सरळ कशाला काढायचं? म्हणून बसलोय.

ती बघा, आलीच कुंकू घेऊन. तिला वाटतं, आजोबांनी अठ्ठ्याण्णवच मागितले होते. आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरतेय — सर ‘ठीक’ म्हणत होते, पण आजोबांना माझा भरवसा होता.

... आलो गं, निहू. हे काय, हेच आपलं, कोपऱ्यातलं.

भाऊ, तिच्यासमोर चौऱ्याण्णवचं नाव काढू नका. आणि सरका जरा, मला सरळ काढायचंय.