पार्टिशनपलीकडचा बल्ब

हात काढा! आधी हात काढा, काकू — प्लग काढलाय म्हणून काय झालं? मायक्रोवेव्ह ओव्हन बंद पडलाय, पण हा चपटा डबा अजून जिवंत आहे. कपॅसिटर. आत काय? दोन पातळ पत्रे, मधे प्लॅस्टिकचा कागद. एकावर जितका चार्ज, तितकाच दुसऱ्यावर उलटा. दोघं एकमेकांना ओढतात, पण कागद काही भेटू देत नाही — आणि सगळी ताकद साठते ती त्या मधल्या फटीत. व्होल्टेज दुप्पट करा, ताकद चौपट! वीज तोडली तरी धरून बसतो. आमच्या दादासारखा.

दादा म्हणजे, या प्लायवूडच्या पलीकडे. त्याचंही दुरुस्तीचंच दुकान, ठोकाठोक ऐकताय ना? इकडे शिंकलं तर तिकडे ऐकू जातं, पण अकरा वर्षं बोलणं नाही. माझ्या मनात काही नाही हां — मी मोकळा माणूस. त्यानं पाटीवर ‘विश्वासू’ लिहिलं, मी ‘जास्त विश्वासू’ लिहिलं, एवढंच.

आता हा रिकामा करायला बल्ब लागतो, वडिलांनी वायरी जोडून बनवलेला. दोन टोकांना लावला की क्षणभर पेटतो, झालं काम. वाटणीत तो दादाकडे गेला. नवा? नवा का बनवू? माझाही हक्क आहे त्याच्यावर! गिऱ्हाईकच जाऊन आणतं. तुम्हीही जा. माझं नाव नको, ‘शेजारी मागतायत’ म्हणा.

आणलात? काय म्हणाला? — ‘या खेपेला तरी नीट रिकामा कर म्हणावं’? बघा! बघा कसा टोचतो! दुकान एकत्र होतं तेव्हा लागला होता त्याला शॉक, मी कुठं नाही म्हणतो? स्वतःच्या हलगर्जीपणानं. गल्लीत कुणालाही विचारा — मीच सांगितलंय सगळ्यांना. त्यानं मला विचारलं, रिकामा केलास? मी म्हटलं, हो. म्हणजे... करणारच होतो. फोनवर होतो मी. त्यानं हात घातला. दोन बोटं अजून वाकत नाहीत त्याची.

वडिलांनाही मी तेच सांगितलं — दादाचीच चूक. तो समोर उभा होता, हाताला फडकं बांधून. ऐकून घेतलं त्यानं.

काय बघताय अशा? हा घ्या, पेटला बल्ब... विझला. झाला रिकामा.

पलीकडची ठोकाठोक थांबली का हो? केव्हापासून?

उद्या या, काकू. ओव्हन राहू दे इथेच. आणि बल्बही राहू दे — तो मी नेऊन देतो.