वर गेलेली लाईट

नगरच्या एका हॉटेलात गार चहाची तक्रार घेऊन सुमंत काउंटरपाशी आला, तर पुढे दोघे आधीच उभे. बियाणं कंपनीच्या मेळाव्याला आलेले, एकाच खोलीत उतरलेले दुकानदार: शेवगावचे राधाकृष्णतात्या आणि पुणतांब्याचा सुनील.

"तात्या, सत्काराला तुमचं नाव किती पुकारलं. हुता कुठं तुमी?"

"न्हानीत. तोंडाला साबन लावला आन् लाईट गेली."

"मग?"

"मग थांबलो. आमच्याकडं गेली की दुपारीच येती."

"लाईट गेली न्हवती तात्या. दाराजवळ ते कार्ड खोचलेलं असतं ना, ते काढलं की खोलीपुरती बंद हुती. आत्ता काउंटरवरच्या ह्या ताईंनी सांगितलं."

"कुनी काढलं?"

"मी. नाश्त्याला जाताना. मला वाटलं, नुसती किल्ली हाय."

"बरं."

"खाली फोन तरी करायचा."

"केला की, आमच्या वायरमनला."

"शेवगावच्या?"

"तो म्हनला, फ्यूज उडाला आसंल, कशाला हात लावू नका, निघालोच."

"तात्या, त्याला लगेच नको म्हना."

"आता काय म्हनतो. तो बघ."

सुमंतनेही वळून पाहिलं. काचेच्या दारातून एक माणूस लांब बांबू तिरका करून आत घेत होता.

"सांगून टाकू त्याला?"

"येडा का खुळा तू? एवढ्या लांबनं आलाय, त्याला काय वाटंल? आन् उद्या माझी हिरीवरची मोटार कोन चालू करून देनार? कार्ड हाय ना तुझ्याकडं?"

"हाय."

"मग वर जा. खिडकीचा पडदा उघडा ठेव, मी त्याला भाईरच्या खांबाकडं नेतो. त्यानं खांबाला बांबू लावला, की कार्ड घाल."